चालवणारी कळ आणि थांबवणारी कळ



इतिहास म्हटला की राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. आज मला एका साध्या कळीचा इतिहास सांगावयाचा आहे.

हल्ली हौशी मंडळी आपल्या मोटारीत गाण्याची यंत्रणा खास घडवून घेतात. बटण दाबले की समोरच्या फळीतून पडदा वर येतो, डिक्कीतले झाकण उघडते आणि अॅम्प्लिफायर बसवलेली जड चौकट संथपणे वर उचलली जाते. पाहणारा थक्क होतो. परंतु थक्क होऊन झाल्यावर त्याने कारागिराला एक प्रश्न अवश्य विचारावा: "बाबा रे, हे वर चढते खरे, पण थांबते कसे?" कामगार संघटनेच्या कामात कोणतेही यंत्र पाहिले की हाच प्रश्न मी प्रथम विचारीत आलो आहे. या प्रश्नाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आपल्या वऱ्हाडातून जातो.

आपले कारंजे हे कापसाचे गाव. १८८६ साली, वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखाली असताना, नियमांनी बांधलेला देशातील पहिला कापूस बाजार येथे सुरू झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. वजनमापाला आणि दलालीला नियम लागला, ही मोठीच गोष्ट. परंतु कापूस बाजारातून पुढे जिनात जाई. तेथे सरकी आणि रुई वेगळी करणारे रूळ फिरत असत आणि त्या रुळांच्या तोंडाशी कापूस हातानेच सारावा लागे. एका लांब शाफ्टावरून पट्ट्यांनी ओळीतली सारी यंत्रे फिरत. लुगड्याचा पदर किंवा बोट सापडले, तर यंत्राला काही कळत नसे. फिरणे एवढेच त्याला ठाऊक.

हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा १८८१ चा. धोक्याच्या यंत्राला कुंपण हवे, हे त्यात आले. पण तो लागू कोणाला? शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिने तरी चालणाऱ्या कारखान्याला. कापसाचा हंगाम आटोपताच बंद होणारे जिन सहजच बाहेर राहिले. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. १८९१ च्या कायद्याने शंभराचे पन्नास केले. थोडे महिने चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यावयाला १९११ साल उजाडले. १९२२ मध्ये पन्नासाचे वीस झाले आणि स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्याने, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी वीसाचे दहा झाले. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात, प्रत्येक कामाच्या दालनात आणीबाणीच्या वेळी यंत्राची शक्ती तोडण्याचे साधन असलेच पाहिजे, असे सांगितले होते. थांबवणाऱ्या कळीला कायद्यात जागा मिळाली ती ही.

आता मोटारीकडे वळू. मौज अशी की मोटारीत विजेची मोटर प्रथम मानाने बसली, ती माणसाचा हात वाचवण्यासाठीच. पूर्वी इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी आधी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला छोटी विजेची मोटर बसवली होती. क्षणभरच चालायचे असेल तर लहान मोटरही मोठे काम करते, हे त्यांनी तेथे पाहिले होते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्याच तत्त्वावरचा त्यांचा स्टार्टर आला. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीसाठी रेडिओ काढला आणि गाडीत गाणेही आले. आजचा वर सरकणारा पडदा या दोन्ही घराण्यांचा वारस आहे. गाणे एका घरचे, क्षणभर चालणारी मोटर दुसऱ्या घरची.

या मोटरीची जोडणी समजण्यास अवघड नाही. बॅटरी बारा व्होल्टची. तारा एका बाजूने जोडल्या की मोटर सुलटी फिरते, अदलाबदल केली की उलटी. ही अदलाबदल रिले करतो. रिले म्हणजे मुळात वाटेत बदलावयाचे ताजे घोडे. डाकेचा स्वार टप्प्यावर दमलेला घोडा सोडून नवा घेई, तसे बटणातला दुबळा प्रवाह रिलेपाशी थांबतो आणि बॅटरीतला जोरकस प्रवाह पुढची मजल मारतो. तारायंत्राच्या काळापासून ही युक्ती चालत आली आहे.

येथे रिले दोन लागतात. मोटरीची एकेक तार एकेका रिलेला जोडावयाची. दोन्ही रिले स्वस्थ असताना मोटरीच्या दोन्ही तारा गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी, जोडलेल्या असतात. त्यामुळे फिरती मोटर स्वतःच स्वतःला लगाम घालते. एक रिले ओढला की चौकट वर, दुसरा ओढला की खाली. चुकून दोन्ही ओढले गेले, तर काहीच हलत नाही आणि काही जळतही नाही.

मात्र चौकट वरच्या टोकाला पोचल्यावर मोटरीला कोण सांगणार? त्यासाठी दोन्ही टोकांना मर्यादेची कळ, म्हणजे लिमिट स्विच, बसवतात. ती नेहमी जोडलेली असावी आणि चौकट टेकताच तिने त्या दिशेच्या रिलेचा प्रवाह तोडावा. यात शहाणपण असे की तिची तार तुटली, तरी यंत्र थांबते. बिघाड झाला तर यंत्राने थांबावे, धावू नये, हा नियम त्यात आहे. झाकण पुरते उघडल्याखेरीज चौकटीने हलू नये, यासाठी झाकणाची कळ चौकटीच्या वाटेत घालतात. फाटक लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही, तीच रेल्वेची रीत.

तरीही मधेच पोराचे बोट सापडले, तर टोकाची कळ काय करणार? ती टोकालाच असते. अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तो ओळखून वीज तोडणारे साधन हवे. निदान बोट दाबून धरले आहे तोवरच चालेल आणि सोडताच थांबेल, असे बटण हवे. बॅटरीच्या अगदी जवळ, तारेला शोभेल असा फ्यूज हवा, नाहीतर तार तापून गाडीच पेटेल. या साऱ्याची किंमत एका चांगल्या स्पीकरपेक्षा कमी. पण ती गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून हिशेबातून तीच पहिली वगळली जाते.

श्रोतेहो, माझ्या काळजीचे कारण हे आहे. शंभर, पन्नास, वीस, दहा असा कायद्याचा उंबरठा अठ्ठेचाळीसपर्यंत उतरत आला होता. २०१५ मध्ये महाराष्ट्राने तो पुन्हा विसावर नेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या सुरक्षा संहितेनेही विसच धरला. मोटारीत असली कामे करणाऱ्या दुकानात दोन-तीन पोरे असतात. गणपतीचे हलते देखावे उभारणारी पोरेही तशीच. कधीकाळी हंगामी जिन कायद्याबाहेर होते, तशीच ही पोरे आज बाहेर आहेत. जिनातल्या बायांना तीस वर्षे कायद्याची वाट पाहावी लागली. ही पोरे किती पाहणार?

तोवर कायद्याचे काम गिऱ्हाइकाने करावे. काम सांगताना थांबवणारी कळ मागावी आणि तिचे पैसे खुशीने द्यावेत. कारागिरानेही ती चालवणाऱ्या कळीच्या आधी जोडावी. आपल्या बाजारात मापाचा नियम आला, तेव्हा तो व्यापार बुडवील असे म्हणणारेही असतीलच. व्यापार बुडाला नाही, शेतकऱ्याचा कापूस मात्र खऱ्या वजनाने मोजला जाऊ लागला. कामगाराच्या बोटालाही तेवढेच माप लागावे, एवढेच माझे मागणे आहे.