सृष्ट्युत्पत्ती (ख्रिस्ती मत) आणि विश्वाचे वय

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील सहा दिवसांची सृष्टिरचना आणि विज्ञानाने काढलेले विश्वाचे सुमारे १,३८० कोटी वर्षांचे वय यांचा मेळ घालण्याचा प्रश्न. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये वंशावळ्या जुळवून सृष्टीचा आरंभ इ. स. पू. ४००४ ठरवला, खरा वाद या आकड्याशी आहे, मूळ पाठाशी नाही. पाठात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग आधीचे तीन ‘दिवस’ मोजले कशाने? ही अडचण प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीन यांनाही जाणवली होती, भूविज्ञान जन्मण्यापूर्वी हजारावर वर्षे. त्यामुळे ‘दिवसां’चा लाक्षणिक अर्थ घेणे म्हणजे विज्ञानापुढची माघार, हा आक्षेप टिकत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न दगडातच वाचता येतो. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना टाकळी येथे बेसाल्टच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. एक लाव्हा निवला, वर तळे साचले, त्यात जीव वाढले, मेले, मग दुसरा लाव्हा आला. हे काही आठवडाभराचे काम नव्हे. हे थर आज सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. पण मग आदामाच्या पापाआधी या जीवांना मृत्यू कसा आला, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पापामुळे मृत्यू जगात आला, हे प्रेषित पौलाचे विधान मानवी मृत्यूपुरते घेतले तरच तो सुटतो, आणि तेही ओढूनताणूनच.