एकात्मिक शुश्रूषा सेवा (दक्षिण कोरिया)

राष्ट्रीय आरोग्य विम्याखाली चालणारी दक्षिण कोरियातील रुग्णालयीन शुश्रूषेची योजना. या योजनेच्या कक्षांत रुग्णासोबत घरचे माणूस किंवा भाडोत्री सोबती राहत नाही. औषधे व इंजेक्शने देण्यापासून भरवणे, कूस बदलणे, शौचाला नेणे इथपर्यंतची कामे परिचारिका, सहायक परिचारिका आणि मदतनीस वाटून घेतात.

कोरियात सक्तीचा आरोग्य विमा १९७७ मध्ये पाचशे किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपासून सुरू झाला आणि १९८९ पर्यंत सर्व नागरिकांना लागू झाला. उपचार विम्यात आले, रुग्णाची उठबस मात्र घरच्यांच्याच गळ्यात राहिली. खाटेलगतच्या बुटक्या बाकावर बायको, सून किंवा मुलगी रात्री काढत असे. ज्यांना नोकरीतून रजा मिळत नसे, ते रोजावर सोबती ठेवत. या कामात चीनमधून आलेल्या कोरियन वंशाच्या, उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा रोज विम्याबाहेरचा असल्याने लांबलेल्या आजारात तो उपचारांपेक्षाही जड जाई. रुग्णालयांची यात सोयच होती, कारण थोड्या परिचारिकांत कक्ष निभावत असे. खाटांच्या प्रमाणात परिचारिका जास्त असल्यास जास्त शुल्क देण्याची पद्धत १९९९ मध्ये आली, पण तेवढ्याने सोबत्याची गरज सरली नाही.

नव्या योजनेचा प्रयोग २०१३ मध्ये १३ रुग्णालयांत सुरू झाला. तिला खरी गती दिली ती २०१५ च्या मर्स या श्वसनविकाराच्या साथीने. देशात १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण दगावले. बाधितांमध्ये रुग्णांजवळ बसलेले नातेवाईक, भेटीला आलेली मंडळी आणि भाडोत्री सोबतीही होते. त्याच वर्षअखेरीस वैद्यकीय सेवा कायद्यात दुरुस्ती होऊन सप्टेंबर २०१६ पासून योजनेला कायद्याचा आधार मिळाला.

परिचारिकांचे प्रमाण रुग्णालयाच्या दर्जानुसार ठरते. सर्वांत वरच्या श्रेणीत एका परिचारिकेकडे ५ ते ७ रुग्ण असतात, सामान्य रुग्णालयांत ७ ते १२, तर लहान रुग्णालयांत हा आकडा १६ पर्यंत जातो. शुल्काचा साधारण पाचवा हिस्सा रुग्ण भरतो, उरलेला विमा.

योजनेचा सर्वांत मोठा दोष रुग्णांच्या निवडीत आहे. प्रवेशासाठी रुग्णाची संमती लागते, पण कोण योग्य हे डॉक्टर ठरवतात. मनुष्यबळ मोजकेच असल्याने रुग्णालयांचा कल स्वतः हिंडू-फिरू शकणाऱ्यांकडे झुकतो. स्मृतिभ्रंशाच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांनाच, पुन्हा सोबती शोधावा लागतो. परिचारिका राजधानीकडे ओढल्या जात असल्याने ग्रामीण रुग्णालयांना असे कक्ष उघडणेही कठीण जाते. दीर्घकालीन शुश्रूषेची रुग्णालये तर योजनेत नव्हतीच. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या सुधारणांत गंभीर रुग्णांसाठी अधिक मनुष्यबळाच्या स्वतंत्र खोल्यांची तरतूद आली. ऑगस्ट २०२४ मध्ये संमत झालेला स्वतंत्र शुश्रूषा कायदा जून २०२५ पासून लागू आहे. एका परिचारिकेमागे किती रुग्ण, याची आकड्यातली मर्यादा मात्र त्यात घातलेली नाही.