चरखा बदलणारे हात

'काउंटर-स्ट्राइक' १९९९ साली अवतरला तेव्हा तो स्वतंत्र खेळ नव्हता; 'हाफ-लाइफ' या व्हिडिओ गेममध्ये हौशी तरुणांनी केलेला तो फेरफार होता. खेळणाऱ्यानेच खेळाच्या रचनेत केलेल्या अशा बदलाला 'मॉड' म्हणतात. मोबदल्याची हमी नसताना लोक एवढे श्रम का करतात, हा पुढे विद्यापीठीय संशोधनाचा विषय झाला. फिनलंडचे ओल्ली सोतामा यांनी २०१० मध्ये या मंडळींच्या प्रेरणांची मांडणी केली: खेळाची ओढ, यंत्रणा उलगडून पाहण्याची जिज्ञासा, आत्माविष्कार, सहकार्य. युलियान क्युक्लिख यांनी त्याआधी, २००५ मध्येच, या आनंदाचे फळ कंपन्यांच्या पदरी पडते याकडे लक्ष वेधले होते.

वर्ध्याला हा प्रश्न अपरिचित नाही. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ३० डिसेंबर १९३८ रोजी येथे मगन संग्रहालय उघडले. तेथील चरखे पाहताना जाणवते की, 'मूळ' चरखा असा कोणताच नाही. प्रत्येक चरखा म्हणजे आधीच्या चरख्यात कोणीतरी केलेली सुधारणा.

अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत १६,००० गज सूत, किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य २० वर्षे, आणि खेड्यातल्या स्त्रीला फारसे न थकता चालवता यावा, अशा त्या अटी होत्या. बक्षिसाच्या मानकऱ्याने पेटंटचे हक्क संघाकडे सोपवावेत, हीही एक अट होती. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

चरखा मात्र बदलत राहिला. एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहानमोठी चाके बसवून तो पेटीत मावू लागला. या चरख्याला येरवडा तुरुंगाचे नाव मिळाले. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी चाकच वगळून धनुष्याने फिरणारी टकळी सिद्ध केली. हे बदल कातणाऱ्यांच्या वर्तुळातून आले. चाती कुठे अडते, हे जो रोज कातत असे त्यालाच ठाऊक होते. सोतामांच्या प्रेरणासूचीतील जिज्ञासा आणि सहकार्य येथेही दिसतात.

तथापि प्रेरणांचे हे साम्य आपल्याला फार दूर नेत नाही. खेळाच्या परवान्यात फेरफाराचे हक्क कंपनीकडे राखणारे कलम बहुधा असते. चरखा संघाची अटही वरकरणी तशीच होती. भेद होता तो हेतूचा. संघाला ते यंत्र घरोघरी पोचवायचे होते. कंपनीला आपली मालमत्ता राखायची असते. लोक का बदलतात, एवढेच विचारणारे संशोधन म्हणूनच अर्धे राहते. बदललेली वस्तू अखेर कोणाच्या हाती जाते, हे विचारल्यावाचून त्या श्रमाचा अर्थ लागत नाही.