वीस हजारांचा तिसरा वाटा

‘घरकुल’ हा मराठीतला मोठा लाडका शब्द. पूर्वी तो लहान मुलींच्या भातुकलीत आणि भावगीतांत असायचा. आता तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि कचेरीतल्या याद्यांत असतो. ‘तुमचं घरकुल मंजूर झालं का हो?’ असं कोणी विचारलं की त्यात कविता कमी आणि कागदपत्रं जास्त असतात. कवी म्हणून मला याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. शब्द गरिबाच्या उपयोगी पडला तर पडू द्यावा.

गरिबाला घर द्यायचं ही सरकारची कल्पना तशी नवी नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं काढली. मग 1920 साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोनही. पण या सगळ्या गोष्टीत कामगार होता भाडेकरू आणि सरकार होतं घरमालक. स्वातंत्र्यानंतर 1952 साली औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आली, तिचाही पाया भाड्याचाच होता. डोक्यावर छप्पर मिळालं, पण ते आपलं म्हणावं तर पावतीवर शब्द ‘भाडे’ असाच.

घर विकत घ्यायचं तर कर्ज लागतं, आणि कर्ज घ्यायचं तर पगाराची पावती लागते. 1970 साली हुडको निघाली, 1977 साली म्हाडा आलं. मासिक पगार असलेल्या माणसाला त्यांच्या दारात उभं तरी राहता येत होतं. ज्याला पगारच नाही, ज्याची मजुरी नगावर मोजली जाते, त्याने काय दाखवायचं? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो आमच्या सोलापुरात, पूर्व भागातल्या घराघरांत, मांडीवर सूप घेऊन बसलेला होता.

सोलापूर हे गिरण्यांचं गाव. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, आसपासच्या खेड्यांतून आली. एकाच बोळात तेलुगू, कन्नड, मराठी आणि आमची दखनी ऐकू येते. 1931 साली फासावर गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांतले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे पुढारी. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. पुरुष घरी बसले, आणि घर चालायला लागलं ते बायकांच्या विडीवर.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्यातून पानं आणि जर्दा मोजून आणायचा. पानं भिजवायची, कात्रीने बेतून कापायची, चिमूटभर जर्दा घालून वळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. असं हजार वेळा. संध्याकाळी माल कारखान्यात द्यायचा. तिथं बसलेला माणूस त्यातल्या मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढणार. छाटीची मजुरी नाही. माझ्या खालाने हे काम चाळीस वर्षं केलं. तिच्या कारखान्याचं नाव मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की तिला कामगार म्हणून कार्ड मिळायला अकरा वर्षं लागली. तोवर ती कागदोपत्री कुठंच नव्हती.

कार्ड महत्त्वाचं का, तर 1976 साली संसदेने विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला. विडीच्या उत्पादनावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून कामगारांचा दवाखाना, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरं यांना मदत करायची, अशी ती व्यवस्था. म्हणजे खालाने वळलेल्या प्रत्येक हजार विड्यांमागे काही पैसे दिल्लीच्या एका पेटीत पडत होते. मला ही व्यवस्था फार आवडायची, कारण यात दान नव्हतं. पेटी तिच्याच हाताने भरत होती. मात्र पेटी उघडायची किल्ली म्हणजे ते कार्ड.

ही पेटी घरासाठी उघडायला लावली ती सोलापूरच्या कामगार चळवळीने. सिटूचे नेते आणि तेव्हाचे आमदार नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. सहकारी संस्था काढली, तिला नाव दिलं कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचं. गोदूताईंनी 1945च्या सुमारास ठाणे जिल्ह्यात वारल्यांची वेठबिगार मोडून काढली, ते सर्वांना माहीत आहे. त्यांचं नाव सोलापूरच्या माळावर विडीवालीच्या दाराशी येऊन पोचलं, हे मला योग्य वाटतं. संस्था महिला विडी कामगारांची होती, त्यामुळे घर बाईच्या नावावर. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, अक्कलकोट रस्त्याला कुंभारी गावाच्या शिवारात 10 हजार घरं बांधायची ठरली.

हिशोब साधा होता. एका घराला 60 हजार रुपये. त्यातले 20 हजार केंद्राचे, 20 हजार राज्याचे आणि 20 हजार त्या बाईचे. 1 सप्टेंबर 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापुरात आले आणि त्यांच्या हस्ते या घरांचं लोकार्पण झालं. सगळी वर्तमानपत्रं सरकारी अनुदानाबद्दल लिहीत होती. मी मात्र तिसऱ्या वाट्याचा गुणाकार करत बसलो होतो. 10 हजार गुणिले 20 हजार, म्हणजे 20 कोटी रुपये. ते विडी वळणाऱ्या बायकांनी उभे केले होते. कुणी भिशी उचलली, कुणी कानातलं मोडलं, कुणी कर्ज काढलं. खालाने यातल्या तिन्ही गोष्टी केल्या.

खानदानात बीए झालेला मी एकटाच, त्यामुळे कागद वाचायचं काम माझ्याकडे. ती कागद घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘बेटा, इसमें मेरा नाम किधर है, उंगली रखके बता.’’ मी बोट ठेवलं. तिने पुन्हा विचारलं, ‘‘खाली मेरा? उनका नहीं?’’ मी म्हटलं, ‘‘त्यांचं पण आहे खाला, पण तुमचा नवरा म्हणून.’’ ती बराच वेळ हसत होती. आमच्यात निकाहाच्या वेळी मेहर ठरतो आणि तो बायकोचा हक्क असतो. तिचा मेहर होता सव्वाशे रुपये, आणि तोसुद्धा तिने रिवाजाप्रमाणे पहिल्याच रात्री माफ करून टाकला होता. तिच्या मालकीची अशी आयुष्यातली पहिली वस्तू म्हणजे ते माळावरचं घर.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. घर माळावर आणि कारखाना शहरात. पानं आणायला एक खेप, विड्या द्यायला दुसरी. रिक्षाचं भाडं मजुरीतून कापलं जायचं. पहिल्या उन्हाळ्यात खाला पाण्याच्या टँकरला शिव्या देत होती. तिच्या ओळीतल्या दोघी-तिघी घराला कुलूप लावून शहरातल्या जुन्या भाड्याच्या खोलीत परत आल्या. गरिबांना घरं देताना जमीन स्वस्त हवी असते आणि स्वस्त जमीन कामापासून लांब असते. योजना आखणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही, पण रिक्षाभाड्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

त्यानंतर त्याच चळवळीने आणखी मोठं काम हाती घेतलं. रे नगर, 30 हजार घरं. यात विडी कामगार होतेच, शिवाय यंत्रमागावरचे, कचरा वेचणारे, रिक्षा चालवणारेही. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. आडम मास्तरांनी त्यांचं कौतुक केलं म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून काही काळ निलंबित केलं. सोलापुरात यावर पुष्कळ चर्चा झाली. खालाचं मत असं होतं, की घर ज्याने दिलं त्याला सलाम करायला काय जातं? 19 जानेवारी 2024 रोजी त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण मोदींनी केलं. लहानपणी आपल्याला असं घर मिळालं असतं तर, असं बोलताना त्यांचा कंठ दाटून आला, हे दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिलं.

मी पुन्हा हिशोबाला बसलो. भूमिपूजनाच्या वेळी जाहीर झालेला प्रकल्पाचा खर्च 1811 कोटी रुपयांचा, आणि त्यात केंद्र व राज्य मिळून 750 कोटी. पंतप्रधान आवास योजनेत एका घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, हे त्याच्याशी बरोबर जुळतं. म्हणजे गोदूताईंच्या वसाहतीत रुपयातले सुमारे 66 पैसे सरकारचे होते, इथे ते 41वर आले. बाईचा ‘तिसरा वाटा’ तिसरा राहिला नाही, तो अर्ध्याच्या वर गेला. या योजनेत घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर हवं असा नियमच आहे. ते चांगलंच झालं. पण नाव तिचं, तसे हप्तेही तिचेच.

आणि ती पेटी? 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, त्याबरोबर विडीवरचा उपकर रद्द झाला. कल्याणाच्या योजना चालू राहिल्या, पण त्यांचा पैसा आता अर्थसंकल्पातून येतो, विडीतून वेगळा काढून ठेवलेला नसतो. खालाला मी हे समजावून सांगितलं होतं. तिने सूप बाजूला ठेवून विचारलं, ‘‘मतलब अब हम मांगे तो खैरात बोलेंगे?’’ मी तिला उत्तर दिलं नाही. ती आता नाही. कुंभारीचं घर तिच्या सुनेच्या नावावर व्हावं म्हणून संस्थेत अर्ज दिला आहे. सून विडी वळत नाही, शिलाईचं काम करते, तेही नगावर.