वीरा साथीदार : पडद्याबाहेरची कागदपत्रे

१३ एप्रिल २०२१, मंगळवार. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरच्या एम्स रुग्णालयात वीरा साथीदार यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. ‘कोर्ट’ या चित्रपटाचे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी वृत्तसंस्थेला ही बातमी दिली आणि ती देशभर गेली. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा अनेक वृत्तपत्रांच्या मथळ्यांत माणसाच्या नावाआधी चित्रपटाचे नाव होते : ‘कोर्ट’मधले वीरा साथीदार. पुढच्या आठवड्यात १९ एप्रिलला दिग्दर्शिका सुमित्रा भावे गेल्या, २० एप्रिलला अभिनेते किशोर नांदलस्कर गेले. मृत्यूच्या बातम्या इतक्या दाटीने येत होत्या की एकेका आयुष्याच्या वाट्याला वर्तमानपत्राचा एखादा रकाना आला.

मृत्युलेख हे चरित्राचे साधन आहे, पण ते घाईत लिहिले जाते. गेलेल्या माणसाची जी ओळख सर्वांत लवकर हाताशी येते, तीच त्यात नोंदली जाते. साथीदारांच्या बाबतीत ती ओळख एका भूमिकेची होती. त्याच बातम्यांच्या खालच्या ओळींत मात्र आणखी चार शब्द सापडतात : कवी, संपादक, कार्यकर्ता, लेखक. मथळ्यातला माणूस आणि खालच्या ओळींतला माणूस यांचा मेळ घालायचा, तर उपलब्ध कागद एकेक करून तपासावे लागतात.

पहिले साधन म्हणजे तो चित्रपट. ‘कोर्ट’ सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे त्याला दोन पुरस्कार मिळाले. एक ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, दुसरा पदार्पणातील चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. १७ एप्रिल २०१५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. निर्माते विवेक गोम्बर यांनीच बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिका केली. सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी होत्या, न्यायाधीश प्रदीप जोशी. गीते शाहीर संभाजी भगत यांची होती. नारायण कांबळे या वयस्क लोकशाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार होते.

कथा थोडक्यात अशी : मुंबईत गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराचा मृतदेह सापडतो. कांबळे यांनी वस्तीतल्या कार्यक्रमात गायलेल्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून पोलीस त्यांना पकडतात. पुढे तारखा पडत राहतात. नारायण कांबळे ज्याच्या नावाने खटला चालतो तो माणूस, पण पडद्यावर तो फार वेळ दिसत नाही. तो मुलांची शिकवणी घेताना दिसतो, मंचावर गाताना दिसतो, आरोपीच्या जागी गप्प उभा दिसतो. बोलतात ते वकील आणि न्यायाधीश. चित्रपट खटल्याइतकाच वकील-न्यायाधीशांच्या घरी, हॉटेलात, सुट्टीच्या ठिकाणी रेंगाळतो. शाहीर मात्र बहुतेक वेळ पडद्याबाहेर, कोठडीत असतो. व्यावसायिक नट नसलेल्या साथीदारांनी हे मौन जसे पेलले, तसे ते शिकून आलेल्या नटाला जमणे अवघड होते. त्यांच्या गप्प उभे राहण्यात केविलवाणेपणा नाही, आवेशही नाही. पोलीस ठाण्याची पायरी ज्याच्या परिचयाची आहे अशा माणसाची स्थिर नजर त्यात आहे.

चित्रपटाच्या आत ज्या कायद्यांचा उल्लेख होतो, तेही एका परीने दस्तऐवजच आहेत. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम ३०६ भारतीय दंडसंहितेतले. सरकारी वकील १८७६च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याचाही आधार घेतात. हा कायदा कलकत्त्यात जन्मला. प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यानंतर एका बड्या वकिलाची खिल्ली उडवणारे प्रहसन तिथे रंगले. सरकारने आधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी कायदा केला. राजद्रोही किंवा बदनामीकारक वाटणारा प्रयोग थांबवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. मराठी रंगभूमीने सरकारी बंदीचा अनुभव खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० मध्ये आलेल्या बंदीच्या रूपाने घेतला आहे. ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला तेव्हा हा १८७६चा केंद्रीय कायदा पुस्तकात जिवंत होता. तो रद्द झाला २०१८च्या सुरुवातीला. चित्रपटात जामिनावर सुटलेल्या कांबळे यांना पुन्हा अटक होते ती बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, आणि ती होते छापखान्यात. स्वतःचे लेखन छापून घ्यायला गेलेला शाहीर तिथूनच उचलला जातो.

हा छापखाना साथीदारांच्या खऱ्या आयुष्याला चित्रपटातल्या कोणत्याही न्यायालयापेक्षा जवळचा आहे. वीरा साथीदार हे ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक होते. नागपूरच्या आंबेडकरी आणि डाव्या चळवळींत त्यांचे काम चाले. मजूर, दलित, आदिवासी यांचे प्रश्न, जलसे, सभा, पत्रके, मासिकाचे अंक यांत त्यांच्या उमेदीचा काळ गेला. चळवळीच्या नियतकालिकाचा संपादक म्हणजे काय, हे नागपुरात ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही. लेख मिळवणारा तो, मुद्रिते तपासणारा तो, वर्गणीदारांची वही ठेवणारा तो, आणि टपालात अंक टाकणाराही तोच. ताम्हाणे यांना नारायण कांबळेसाठी चेहरा मिळाला तो या जगातून. भूमिकेने साथीदारांना शाहीर बनवले नाही. लिहिण्या-छापण्यात मुरलेला माणूस काही दिवसांसाठी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, एवढेच झाले.

विदर्भात लिहिण्या-छापण्याच्या या परंपरेची मुळे बरीच जुनी आहेत, आणि त्यांतले एक कळमेश्वर तालुक्यात आहे. किसन फागूजी बनसोड यांचे गाव मोहपा. नागपूरपासून जवळच्या या गावातून आलेल्या बनसोडांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. स्वतःचा छापखाना घातला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ ही पत्रे चालवली. अभंग, पोवाडे, नाटके लिहिली. एम्प्रेस मिलच्या नागपुरात गिरणी कामगारांमध्ये काम केले. १९४६ मध्ये ते गेले. कवी, संपादक, कामगार कार्यकर्ता, छापखान्याचा माणूस : बनसोडांचे वर्णन करणारे हे शब्द साथीदारांच्या मृत्युवार्तांतल्या खालच्या ओळींशी जवळपास तंतोतंत जुळतात. दोघांच्या मृत्यूंमध्ये पाऊण शतकाचे अंतर आहे. मधल्या काळात धम्मदीक्षेचा १४ ऑक्टोबर १९५६ येऊन गेला, भीमगीतांचा प्रवाह गावोगाव पोचला, लोकशाहीर वामनदादा कर्डकांचा आवाज विदर्भाच्या चौकाचौकांत ऐकू आला. साथीदार या साखळीतले आहेत. त्यांना ‘कोर्ट’मधला नट म्हणून नोंदवणे खोटे नाही, पण ते साखळीतली एकच कडी उचलून दाखवणे आहे.

साथीदारांच्या चरित्राचा सर्वांत अनपेक्षित कागद त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी तयार झाला. १३ मे २०२५ रोजी नागपुरात विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात वीरा साथीदार स्मृती समन्वय समितीने त्यांच्या आठवणीत कार्यक्रम घेतला. आयोजकांमध्ये त्यांच्या पत्नीही होत्या. त्या कार्यक्रमात फैज अहमद फैज यांची ‘हम देखेंगे’ ही नज्म गायली गेली. नंतर एका स्थानिक रहिवाशाने तक्रार दिली आणि सीताबर्डी पोलिसांनी आयोजक व वक्ते यांच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२सह गुन्हा नोंदवला. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठीचे हे कलम. ज्या राजद्रोहाच्या कलम १२४अ खालील कारवाई सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबवली, ते कलम नव्या संहितेतून गेले आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून हे लागू झाले. फैज यांनी ती नज्म १९७९ मध्ये, जनरल झिया यांची लष्करी राजवट पाकिस्तानात असताना लिहिली, आणि १९८६ मध्ये लाहोरात इकबाल बानो यांनी ती गाऊन प्रसिद्ध केली. हा इतिहास बाजूला राहिला. कवी पाकिस्तानी, ही गोष्ट तक्रारीत पुढे आली.

इथे इतिहास लिहिणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो. २०१४ मध्ये चित्रपटात वीरा साथीदार यांनी ज्याची भूमिका केली, त्या माणसावर गाण्यामुळे गुन्हा दाखल झाला होता. २०२५ मध्ये त्यांच्याच स्मरणासाठी भरलेल्या सभेवर गाण्यामुळे गुन्हा दाखल झाला. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ताम्हाणे यांचा चित्रपट मुंबईतल्या एका काल्पनिक खटल्याचा होता, पण त्यातली यंत्रणा काल्पनिक नव्हती. गाणे, सभा, जमाव आणि शब्द यांच्याकडे संशयाने पाहण्याची जी सवय १८७६च्या कायद्यात लिहिली गेली, ती कायदा रद्द झाल्यावरही कामकाजात राहिली. पडद्यावर साथीदार ही सवय गप्प उभे राहून दाखवत होते, आणि त्यांच्या माघारी त्यांच्या नावाच्या सभेने ती सिद्ध केली.

या कागदांची आयुष्ये सारखी नाहीत. चित्रपट जपला जातो. त्याच्या प्रती, पुरस्कारांच्या नोंदी, परीक्षणे आणि पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्था त्यासाठी आहेत. पोलिसांचा गुन्हा क्रमांकासह नोंदलेला असतो, तोही टिकतो. टिकत नाहीत ते साथीदारांनी स्वतः तयार केलेले कागद : नियतकालिकाचे अंक, सभांची पत्रके, जलशांच्या वह्या, कार्यकर्त्यांना लिहिलेली पत्रे. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशनाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. वृत्तपत्रे व नियतकालिकेही १९५६ पासून त्यात आली. वर्गणीवर जगणाऱ्या छोट्या अंकांना हा खर्च नेहमी परवडत नाही. मग ते अंक राहतात वाचकांच्या घरी, पेटीत, माळ्यावर, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीच्या कपाटात. ते गेले की साथीदारांच्या चरित्रात दोनच साधने उरतील : एक चित्रपट आणि एक गुन्ह्याची नोंद. एकात ते आरोपी आहेत, दुसऱ्यात त्यांच्या आठवणीने जमलेले लोक आरोपी आहेत. त्यांनी स्वतः काय लिहिले, कोणाबद्दल लिहिले, कोणत्या गिरणीच्या आणि कोणत्या वस्तीच्या बाजूने लिहिले, हे सांगणारे काही राहणार नाही.

म्हणून निर्णय स्पष्ट मांडतो. वीरा साथीदार हे आधी विदर्भाच्या आंबेडकरी-कामगार पत्रकारितेतले संपादक होते, नंतर एका थोर चित्रपटातले नट. त्यांची नोंद याच क्रमाने व्हायला हवी, आणि मोहप्याच्या बनसोडांच्या शेजारी व्हायला हवी. कळमेश्वर, काटोल, सावनेर, उमरेड या तालुक्यांत आणि नागपूरच्या वस्त्यांत ज्यांच्याकडे ‘विद्रोही’चे जुने अंक, साथीदारांची पत्रे, सभांची पत्रके किंवा जलशांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. तालुक्याच्या ग्रंथालयाला एक प्रत द्यावी, महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एक द्यावी, छायाचित्राच्या मागे तारीख व नावे लिहून ठेवावीत. गावच्या ग्रंथपालांनीही अशा कागदांसाठी एक कपाट राखून ठेवावे. पुढच्या पिढीतला कोणी साथीदारांचे खरे चरित्र लिहायला बसेल, तेव्हा त्याच्या हाती ते कागद असले पाहिजेत.