अर्धशक्तीचं माप

महाराष्ट्रातल्या तालमींचा इतिहास सांगताना आपण ताकद मोजतो: हजार जोर, हजार बैठका, चितपट केलेले मल्ल. त्याच परंपरेत श्रमाच्या मापाचाही विचार होता, आणि तरुणांच्या एकाग्रतेसाठी तोच अधिक मोलाचा आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही निम्म्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगतात. सुश्रुताने खूणही दिली आहे: श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धं बळ खर्ची पडलं. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं जीवन दिलं. त्यावर साधी अढी घालतानाही पकड, श्वास आणि नजर एकदम सांभाळावी लागते; दमून लक्ष हटलं की माणूस खाली येतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांत रुजवलेल्या सूर्यनमस्कारांतही हालचाल श्वासाला बांधलेली होती. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात घडलेल्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं आणि योगक्रियांचे शरीरावरचे परिणाम उपकरणांनी तपासायला घेतले.

मापाचा हाच प्रश्न मानसशास्त्राने वेगळ्या वाटेने गाठला. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की अवघड काम शिकताना विजेचा झटका बेताचा असला तर शिकणं सुधारतं, फार वाढला तर बिघडतं. पुढे संशोधकांनी हा विचार व्यायामाला लावला. 2012 साली 79 अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला, तेव्हा एकवेळच्या व्यायामाने बुद्धीच्या कामांना लाभ होतो असं दिसलं, मात्र तो लहानसा होता. डिट्रिच या संशोधकाने असा तर्क मांडला, की शरीर जोरात राबत असताना मेंदूची साधनसामग्री हालचालीकडे वळते आणि बारकाईने विचार करणारा कपाळामागचा भाग मागे पडतो.

यावर कुणी म्हणेल, पैलवान घाम गाळूनही कुस्तीत तल्लख असतो. खरं आहे, पण अर्धी शक्ती म्हणजे ज्याची त्याची अर्धी. कसलेल्या अंगाला जे सहज झेपतं, ते नवख्याला दमवून टाकतं. दुसरा आक्षेप असा, की जोरदार व्यायामानंतरही थोड्या वेळाने लक्ष सुधारलेलं आढळतं. तेही मान्य, म्हणूनच श्रमाइतकाच वेळेचाही हिशेब हवा. तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे: जुन्या ग्रंथांना चिंता आरोग्याची होती, एकाग्रतेची नव्हे. त्यामुळे पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असा दावा करू नये. त्यांनी मापाची शिस्त दिली, तिचा उपयोग आपण ठरवायचा.

बदलापूरजवळच्या मांजर्लीतून लोकलने दूरच्या कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्या तरुणाला ही शिस्त फार कामाची आहे. अभ्यासाआधी बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणं त्याला पुरेसं आहे. थकून वहीसमोर बसण्यात शौर्य नाही. व्यायामशाळांनी वजनांच्या आकड्यांबरोबर थांबायची खूणही शिकवली पाहिजे, कारण तीही आपल्याच परंपरेची देणगी आहे.