घरगुती आर्केड कॅबिनेट

घरगुती आर्केड कॅबिनेट म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राच्या धर्तीवर हौशी व्यक्तीने घरी तयार केलेली उभी पेटी होय. तिच्यात पडदा, जॉयस्टिक व बटणे बसवलेली फळी, स्पीकर आणि एक लहान संगणक असतो. मूळ यंत्रात बहुधा एकच खेळ असे. घरगुती पेटीत अनेक खेळ साठवता येतात. त्यामुळे त्यांतून निवड करू देणारी मेनू प्रणाली तिला लागते. या प्रणालीस फ्रंटएंड असेही म्हणतात.

पार्श्वभूमी

नाण्यावर चालणारे पहिले व्यावसायिक व्हिडिओ गेम यंत्र 'कॉम्प्युटर स्पेस' 1971 साली आले. त्यानंतर 'पाँग' (1972), 'स्पेस इन्व्हेडर्स' (1978) आणि 'पॅक-मॅन' (1980) यांनी हा व्यवसाय जगभर नेला. महाराष्ट्रातील शहरांत ही यंत्रे व्हिडिओ गेम पार्लरमधून परिचित झाली. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे कॅसेटवाले खेळ आले आणि पार्लरांची गर्दी ओसरली.

जुन्या यंत्रांतील खेळ चिपमध्ये साठवलेला असल्याने तो यंत्राबरोबरच नाहीसा होण्याचा धोका असतो. कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-2 या सर्किट बोर्डात खेळ उलगडण्याची किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेली होती. बॅटरी संपली की बोर्ड बंद पडे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातील भाजक्या मातीच्या बाहुल्या आजही पाहता येतात, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ बॅटरीअभावी मुका होतो, हा विरोधाभास लक्षणीय आहे. जुन्या यंत्रांचे कार्य जतन करण्याच्या हेतूने निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने 1997 मध्ये 'मेम' हा एम्युलेटर प्रसिद्ध केला. जुन्या यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक रचनेची हुबेहूब नक्कल करणारा हा प्रोग्राम 2016 पासून मुक्तस्रोत आहे. 2012 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त, तळहाताएवढ्या संगणकामुळे घरगुती पेटी बांधणे अनेकांच्या आवाक्यात आले.

पेटीची बांधणी

पेटी साधारणतः 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची किंवा एमडीएफची करतात. एमडीएफ कापण्यास सोपे असले तरी दमट हवेत फुगते, म्हणून पावसाळी प्रदेशात प्लायवुड श्रेयस्कर. तेरसारख्या गावातही सुतार हे काम करू शकतो. जॉयस्टिक व बटणे मात्र बहुधा बाहेरून मागवावी लागतात. उभ्याने खेळावयाचे असल्यास बटणांची फळी जमिनीपासून सुमारे 90 ते 100 सेंटिमीटर उंचीवर ठेवतात. जपानी पद्धतीच्या मुख्य बटणांसाठी 30 मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडावी लागतात. अमेरिकी बटणांचे माप थोडे कमी असते, त्यामुळे बटणे हाती येण्यापूर्वी छिद्रे पाडू नयेत.

प्रत्येक बटणाखाली मायक्रोस्विच असतो. त्याच्या तारा एन्कोडर नावाच्या छोट्या बोर्डाला जोडतात आणि हा बोर्ड यूएसबीद्वारे संगणकाला कीबोर्ड किंवा गेमपॅड असल्याचे भासवतो. 'पॅक-मॅन' किंवा 'डाँकी काँग' हे खेळ चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी रचलेले आहेत. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर ते खेळताना वळण चुकते आणि खेळणारा स्वतःलाच दोष देतो. ज्यांत दिशा बदलता येतात अशा जॉयस्टिकही मिळतात.

पडदा म्हणून जुना काचेच्या नळीचा संच वापरल्यास चित्र मूळ यंत्रासारखे दिसते. परंतु अशा संचात हजारो व्होल्टचा दाब असतो व तो वीज बंद केल्यावरही काही काळ टिकू शकतो. अननुभवी व्यक्तीने तो उघडू नये. एलसीडी पडदा सुरक्षित व हलका असतो.

मेनू प्रणालीची निवड

पेटीला कीबोर्ड नसतो. त्यामुळे केवळ जॉयस्टिक व दोन-तीन बटणांनी खेळ शोधणे, सुरू करणे आणि त्यातून परत येणे जमले पाहिजे, ही मेनू प्रणालीची खरी कसोटी आहे. परतीचा मार्ग नीट ठरवलेला नसेल तर पाहुण्या मुलाला खेळातून बाहेर पडता येत नाही आणि शेवटी कोणीतरी वीज बंद करतो. अशा अचानक वीज जाण्याने मेमरी कार्डावरील माहिती बिघडू शकते. वारंवार वीज खंडित होणाऱ्या भागात कार्डाची प्रत काढून ठेवणे आवश्यक आहे.

रास्पबेरी पायवर रेट्रोपाय हा संच प्रचलित आहे. त्यात इम्युलेशनस्टेशन हा मेनू येतो आणि लहान मुलांसाठी मर्यादित पर्याय दाखवण्याची सोयही असते. बॅटोसेरा ही लिनक्सवर आधारित संपूर्ण कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवरून चालत असल्याने जुन्या संगणकाचा उपयोग होतो. अ‍ॅट्रॅक्ट-मोड हा मेनू मुख्यतः आर्केड पेट्यांसाठीच लिहिला गेला. त्याचे नाव कोणी खेळत नसताना यंत्र ग्राहकाला खुणावण्यासाठी जी दृश्ये दाखवी त्यावरून पडले आहे. विंडोजवर चालणाऱ्या लाँचबॉक्सचा पूर्ण पडद्यावरील बिगबॉक्स हा भाग सशुल्क आहे. देखणा मेनू जुन्या संगणकावर रेंगाळतो, हे निवडीच्या वेळी विसरले जाते.

मराठी वापरकर्त्यांपुढे लिपीची अडचण येते. मेनूच्या फाँटमध्ये देवनागरी नसल्यास अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. फाँट असूनही अक्षरजुळणीची सोय नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते व जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. यावर उपाय म्हणजे खेळाचे मराठी नाव चित्ररूपात तयार करून नावाच्या जागी दाखवणे. बहुतेक मेनूंत अशी चित्रे वापरता येतात.

खेळांच्या फाइली एम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळणाऱ्या असाव्या लागतात. रेट्रोपायमधील मेम 2003 हा प्रकार 0.78 या आवृत्तीच्या फाइलींची अपेक्षा करतो. इतर आवृत्तीतील काही खेळ त्यावर सुरूच होत नाहीत. हा दोष अनेकदा मेनूच्या माथी मारला जातो.

कायदेशीर बाजू

भारताच्या 1957 च्या प्रताधिकार कायद्यात संगणक प्रोग्रामचा समावेश साहित्यकृतीत होतो. एम्युलेटर वापरणे बेकायदेशीर नाही, परंतु खेळाच्या फाइली हक्कधारकाच्या परवानगीविना उतरवून घेणे हा प्रताधिकाराचा भंग ठरू शकतो. 'रॉबी रोटो' व 'ग्रिडली' यांसारखे काही खेळ हक्कधारकांनी अव्यावसायिक वापरासाठी मोफत उपलब्ध करून दिले असून पेटीची चाचणी त्यांवर घेता येते.